जाहीर लिलावास हार्दिक शुभेच्छा

"तीन कोटेशनं घ्यावी लागतात, वहिनी. नियमच आहे तसा," इंगवले साहेब बशीतला चहा फुंकत म्हणाले. "दोन आलीत. एक सांगलीचं, एक इचलकरंजीचं. तिसरं सुकुमाररावांचं मिळालं की फाइल पुढं सरकते."

"कसलं कोटेशन?" मी विचारलं.

"बोर्डाचं. लिलावाचा बोर्ड लावायचाय जागेवर. दहा बाय आठ."

"कुणाच्या जागेवर?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग पुन्हा बशीकडं. "तुमच्याच की," ते म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात संपवून टाकला.

इंगवले साहेब म्हणजे आमच्या बँकेचे वसुली अधिकारी. माणूस गरीब स्वभावाचा. नोटीस द्यायला आला तरी दारात चपला काढून यायचा आणि जाताना "येतो वहिनी, काळजी करू नका" म्हणायचा. आता घर चाललंय त्या बाईनं काळजी करू नये तर काय करावं, भजी तळावीत? पण त्यांच्या तोंडून ते खोटं वाटायचं नाही, हीच अडचण होती.

तेवढ्यात आतून हे आले. आमचे हे, म्हणजे सुकुमार चौगुले, 'चौगुले फ्लेक्स'चे मालक. मशीन बंद पडून वर्ष होत आलं होतं तरी रोज सकाळी पुसायला जायचे. त्यांनी मधलं काहीच ऐकलं नव्हतं. 'बोर्ड' आणि 'दहा बाय आठ' एवढंच ऐकलं होतं आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"साहेब, दुसऱ्या कुणाला देऊ नका," ते म्हणाले. "सगळ्यात कमी रेट लावतो. मटेरियलपण एक नंबर. दुसऱ्याचं तीन महिन्यांत फिकं पडतंय, आपलं वर्षभर हलत न्हाई."

"अहो," मी म्हटलं, "आपल्याच घराच्या लिलावाचा बोर्ड आहे तो. वर्षभर टिकून काय करायचंय?"

ते म्हणाले, "ते खरं. पण कामात खोट कशाला?"

अशा माणसाशी मी संसार केला.

आमचं गाव कोल्हापूर-सांगली रस्त्यावरचं. या बाजूला माणूस जन्मला की फ्लेक्स, दहावी पास झाला की फ्लेक्स, म्हैस शर्यतीत दुसरी आली की म्हशीचा फ्लेक्स. वर नेते, मध्ये उत्सवमूर्ती, खाली 'शुभेच्छुक' म्हणून गल्लीतली पोरं गॉगल लावून. ज्याचा फोटो त्यानं वर्गणी द्यायची, म्हणजे फ्लेक्सचा खर्च निघतो आणि चार लोकांत चेहराही दिसतो. ह्यांनी घर बँकेकडं गहाण टाकून मोठं मशीन आणलं तेव्हा धंदा जोरात होता. मग एका वाढदिवसाचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटला आणि थेट नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या चालत्या गाडीच्या काचेवर येऊन बसला. गाडी गटारीत गेली. साहेब बचावले, पण बाहेर आले ते फ्लेक्सबंदीचा हुकूम घेऊनच. सरकारी, कोर्टाच्या आणि बँकेच्या सूचना सोडून गावात एकही फ्लेक्स लावायचा नाही. एका दिवसात गाव बोडकं झालं, आणि आमचे हप्ते थकले.

इंगवले साहेबांनी आधी खूप समजावलं होतं. एकरकमी तडजोड करा, व्याज सोडायला लावतो, म्हणाले. एकरकमी आणायचं कुठनं? मग हप्ते नव्यानं बांधून घ्या, म्हणाले, पण त्यालाही आधी काहीतरी भरावं लागतंय. शेवटी म्हणाले, "मग स्वतःच गिऱ्हाईक बघा आणि विका. लिलावापेक्षा चार पैसे जास्त येतील, बँकेचं भागवून हातात काही राहील."

"विकायचं म्हणजे राहायचं कुठं?" ह्यांनी विचारलं.

"ते तुम्ही बघायचं."

"दुसरी वाट न्हाई व्हय?"

"आहे की. लिलाव."

घर गेलं तर आम्हाला चिकोडीला माझ्या भावाकडं जावं लागणार होतं. भाऊ चांगला, पण भावजयीच्या स्वयंपाकघरात उपरी म्हणून उभं राहायचं हा नुसता विचारही मला नको वाटायचा. आणि आण्णांचं काय करायचं, हा त्याहून मोठा प्रश्न होता.

आण्णा माझे सासरे. भूपाल पेंटर म्हणून पंचक्रोशीत नाव. मिरजेपासून हातकणंगल्यापर्यंत दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. निळं अक्षर, त्याला पिवळी सावली, खाली कोपऱ्यात बारीक 'भूपाल पेंटर'. हे घर त्यांनी त्या ब्रशावर बांधलं. मुलानं फ्लेक्सचं मशीन आणलं त्या दिवशी त्यांनी ब्रश पत्र्याच्या पेटीत घातले आणि ती पेटी कॉटखाली सारली. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "व्हय."

फ्लेक्सवर मात्र ते बोलायचे. "दोरी सुटली की उडतंय ते. अक्षर कसं भिंतीत मुरलं पाहिजे." हे मला सांगायचे, पण ऐकायला जायचं आतल्या मशीनपर्यंत.

काम अर्थातच ह्यांना मिळालं. सगळ्यात कमी रेट त्यांचाच होता. समोरच्या भिंतीवर, शटरच्या शेजारी, वीतभर पुढं लोखंडी फ्रेम ठोकून घेतली, तिच्यावर अस्तर म्हणून कोरं कापड दोरीनं ताणून बांधलं आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्सचा रोल आणायला हे सांगलीला गेले. मीही शिवलेली ब्लाउजं गिऱ्हाइकांना द्यायला बाहेर पडले होते. परत आले तर घरभर टर्पेंटाइनचा वास आणि आण्णांच्या बोटांना निळा रंग.

"आण्णा, काय केलंय हे?"

"कॉटला रंग मारलाय."

बघितलं तर खरंच. जुनी लोखंडी कॉट निळीशार झाली होती.

"घर जायला लागलंय आणि कॉटला रंग कसला मारता?"

"कॉट आपलीच ऱ्हाणार हाय न्हवं?" आण्णा म्हणाले.

मी आत जाऊन डाळ शिजत टाकली.

डिझाइनच्या वेळी खरा गोंधळ झाला. इंगवले साहेब प्रूफ बघायला आले. हे म्हणाले, "साहेब, वर मोकळी जागा दिसालीया. तुमचा फोटो घालू या का?"

"छे छे! भलतंच. नियमात बसत नाही," साहेब म्हणाले. दोन पायऱ्या उतरले. पुन्हा वर आले. "पासपोर्ट साइझचा चालतो का?"

माणूस पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारावर नोटिसा चिकटवल्या, स्वतःचा चेहरा कधी कुठं लागला नाही. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन आले तो चांगला स्टुडिओत जाऊन काढलेला, खांद्यावर शालसुद्धा होती. संगणकावर त्यांनी प्रूफ पाहिलं, म्हणजे स्वतःचा फोटो पाहिला, आणि कागदावर सही केली.

हे बिचारे वर्षभरानं कामाला लागलेले. नवीन फाइल करण्यापेक्षा त्यांनी बंदीच्या आधीची शेवटची शुभेच्छांची फाइल उघडली होती, मधलं तेवढं बदललं होतं आणि तीच प्रिंट मारली. फ्लेक्स अस्तरावरूनच फ्रेमला ताणून बांधला तेव्हा दुपार झाली होती. समोरच्या आक्काताई कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाचत राहिल्या. मग मला हाक मारली.

"त्रिशला, लिलाव हाय का बारसं गं?"

मी रस्त्यावर जाऊन वर पाहिलं. मध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'श्री. सुकुमार भूपाल चौगुले यांच्या राहत्या घराच्या जाहीर लिलावास हार्दिक शुभेच्छा!' वर शाल घेतलेले इंगवले साहेब, त्यांच्याखाली 'मार्गदर्शक'. बाजूला बारीक अक्षरात सर्व्हे नंबर, चतुःसीमा, राखीव किंमत. आणि तळाशी शुभेच्छुक म्हणून आमच्या गल्लीच्या तरुण मंडळाची सगळी पोरं गॉगल लावून, मधोमध गावचे पुढारी विजयदादा टारे, हात जोडून, हसत.

"अहो!" मी ओरडले.

हे बाहेर आले. वर बघितलं. खाली बसले.

मला हसू आलं. खरं सांगते, त्या वर्षातलं पहिलं हसू. घर चाललं होतं आणि मी रस्त्यात पदर तोंडात घालून हसत होते, आणि हसता हसता रडायला लागले ते कधी ते मलाही कळलं नाही.

इंगवले साहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "सर्व्हे नंबर बरोबर आहे," ते म्हणाले. "चतुःसीमा बरोबर आहे. तारीख बरोबर आहे."

"आणि बाकीचं, साहेब?"

"बाकी सजावट." ते आपल्या फोटोकडं बघत होते. "आता काढायचा म्हटलं तर पुन्हा तीन कोटेशनं आली. राहू दे."

आता जागा बघायचा दिवस. ज्याला लिलावात बोली लावायची त्याला घर आधी बघायला मिळतं, तसा नियम. माझ्या घरात परके लोक येणार, मोरीत डोकावणार, भिंतीवर टिचक्या मारणार. मी सकाळी उठून घर झाडलं, पुसलं, पोहे केले. आक्काताई म्हणाल्या, "अगं, घाण ठेव की, म्हंजे कोण घ्यायचं न्हाई." पण हात ऐकत नाहीत. पाहुणा तो पाहुणा.

आला एकच, इचलकरंजीचे रावसाहेब खोत. कापडाचे मोठे व्यापारी, मूळचे आमच्याच गावचे. घर बघून खूश झाले. गच्चीवर जाऊन आले, पोहे खाल्ले, पुन्हा थोडे मागून घेतले. इंगवले साहेबांना म्हणाले, "घेऊन टाकतो. मुलाला दुकान काढून द्यायचंय, जागा मोक्याची आहे."

मी ताट उचलायला वाकले ती तशीच वाकून राहिले. ह्यांनी भिंतीला पाठ टेकली. आण्णा मात्र कट्ट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते, आपल्याला काय त्याचं, अशा थाटात.

खोत चपला घालून बाहेर बोर्ड बघायला गेले. वारा सुटला होता. फ्लेक्सची खालची दोरी कशी कोण जाणे सुटली होती आणि कापड फडफडत वर उचललं जात होतं. खोत वाकून बघत राहिले, मग सरळ झाले. चेहरा असा झाला होता की मला वाटलं पोहे बाधले.

"पाणी देता का वहिनी?"

मी तांब्या आणला. त्यांनी पाणी पिऊन तांब्या माझ्या हातात दिला आणि कट्ट्याकडं वळून आण्णांना वाकून नमस्कार केला. "येतो आण्णा," म्हणाले.

"ये," आण्णा म्हणाले, सुपारीवरची नजरसुद्धा काढली नाही.

"साहेब, मला न्हाई जमायचं," खोत इंगवल्यांना म्हणाले आणि गाडीत बसून गेले. लिलावाच्या दिवशी एकही बोली आली नाही.

गल्लीनं लगेच अर्थ लावला. विजयदादा टाऱ्यांचा फोटो बघून खोत घाबरला. दादांचा गट गावात भारी. त्यांचा शुभेच्छुक ज्या घराला, ते घर घ्यायची हिंमत कोण करणार? हे विजयदादांच्या कानावर गेलं तसे ते स्वतःच तसं सांगायला लागले. आणि त्याच दिवशी संध्याकाळी दुसऱ्या गटाचे शीतलशेठ बेडगे चार पोरं घेऊन आमच्या दारात.

"सुकुमार, हे काय लावलंयस?"

"लिलावाची नोटीस हाय, शेठ."

"ते मला कळतंय. गावात एकच फ्लेक्स लागलाय, त्यात टाऱ्या हसालाय आणि आमचा फोटो न्हाई. निवडणूक तोंडावर आलीया. आम्ही काय तुझ्या लिलावाचं वाईट चिंतलंय व्हय?"

"तसं न्हवं शेठ, चुकून..."

"चुकून त्याचा आणि आमचा मात्र न्हाई? वर्गणी किती ते सांग."

हे माझ्याकडं बघायला लागले. दिवस मावळायला आला होता, आमची जेवणं व्हायची होती, आम्ही जैन, अंधारात जेवत नाही. मी म्हटलं, "आकडा शेठनाच ठरवू द्या, पण लवकर ठरवा, भात निवतोय."

शीतलशेठांनी आकडा सांगितला तो विजयदादांना खाली पाडायचा म्हणून सांगितला. दुसऱ्या दिवशी दादांनी त्याच्यावर चढवला. बँकेनं फेरलिलाव काढला तेव्हा नवीन बोर्ड लागणारच होता. या खेपेला शुभेच्छुकांच्या तीन रांगा झाल्या. दोन्ही गट, तरुण मंडळ, महिला बचत गट, दूध डेअरीचे चेअरमन. एकानं मुलीच्या बारशाचा फोटो दिला, 'तेवढंच तिचंपण होऊन जाईल' म्हणून. बंदीमुळं सगळं गाव फ्लेक्ससाठी वखवखलं होतं आणि कायद्यानं लावता येईल असा एकच फ्लेक्स उरला होता, तो आमच्या घराच्या लिलावाचा. बायका माझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकायला यायच्या आणि विचारायच्या, "लिलाव पुन्हा कधी हाय, वहिनी? ह्यांचा वाढदिवस जवळ आलाय."

नवा फ्लेक्स ह्यांनी जुन्यावरच चढवला. आमच्या धंद्याची रीतच ती, खालचा काढत बसत नाहीत, त्यानं वरच्याला जाडी येते. फक्त एक ताप होता. रोज सकाळी खालची दोरी सुटलेली असायची.

"दोरी कोण सोडतंय?" हे रस्त्यावर उभे राहून ओरडायचे. "विरोधकांची पोरं असतील. फोटो झाकावा म्हणून करालीत."

"आता विरोधक कुठनं? दोघंही बोर्डावरच आहेत की," मी म्हणायची.

आण्णा कट्ट्यावरून म्हणायचे, "कापडाला वारं लागाय पाहिजे."

"आण्णा, तुम्ही गप्प बसा हो," हे म्हणायचे आणि दोरी पुन्हा घट्ट बांधायचे. त्या गाठी बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

फेरलिलावाला तर कोणी जागा बघायलाही आलं नाही. ज्या घराच्या पाठीशी टारे आणि बेडगे एकाच कापडावर उभे आहेत ते घर घेऊन वैर कोणाकोणाशी करायचं? बाहेरगावचे दलाल मोटारसायकल हळू करून बोर्ड वाचायचे आणि तशीच पुढं न्यायचे. बँकेच्या बैठकीत विषय निघाला. इंगवले साहेबांनी लिहून दिलं की दोनदा लिलाव काढून गिऱ्हाईक येत नाही, तेव्हा कर्जदाराशी एकरकमी तडजोड करावी. व्याज बरंच सोडलं. मुदत दिली.

साहेब ही बातमी सांगायला आले ते पेढे घेऊनच. पण त्यांच्या मागोमाग जे आले त्यांच्या हातात पेढे नव्हते. विजयदादा आणि शीतलशेठ, दोघं एकत्र. गावात ही दोन माणसं एका सतरंजीवर बसलेली कोणी पाहिली नव्हती, ती माझ्या सोप्यात बसली.

"सुकुमार," विजयदादा म्हणाले, "तू कर्ज फेडायला निघालायस असं कानावर आलं."

"व्हय दादा. तडजोड झाली."

"असं करू नकोस."

"काय?"

"निवडणूक पुढं ढकलली हाय," शीतलशेठ म्हणाले. "अजून चार महिने. तू फेडलंस की बोर्ड उतरणार. मग आम्ही लोकांना दिसायचं कुठं? तेवढी निवडणूक होऊ दे, मग काय फेडायचं ते फेड."

"शेठ, माझं घर हाय हो ते!"

"घराला कोण हात लावतंय? आम्ही हाय की!" दोघं एका सुरात म्हणाले, आणि एकमेकांकडं बघून दचकले.

हे कधी नव्हे ते माझ्याकडं बघायचं सोडून स्वतःच बोलले. "मुदत संपायच्या दिवसापर्यंत बोर्ड ठेवतो," ते म्हणाले. "पण वर्गणी आता दर महिन्याला. आणि आगाऊ."

मी आत जाऊन देवापुढं हात जोडले. हे माझ्या नवऱ्याच्या तोंडून आलं होतं!

अशा रीतीनं आमच्या घराचा लिलाव चालू ठेवायला लोकांनी जे दिलं त्यातून लिलाव मिटवायची बरीचशी रक्कम उभी राहिली. उरलेलं मशीन विकून आलं. माझ्या पाटल्या गेल्या, त्या गेल्याच, पुन्हा झाल्या नाहीत. त्याचं वाईट वाटतं अजून, खोटं कशाला बोलू?

मुदतीच्या दिवशी बँकेत पैसे भरून आलो. इंगवले साहेब बरोबर आले, घराचे कागद स्वतः आण्णांच्या हातात द्यायचे म्हणून. निम्मी गल्ली जमली होती, थोडी आनंदानं आणि थोडी आपापल्या फोटोला निरोप द्यायला. साहेबांनी ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वरचा भाग मला देता का कापून? शालवाला?"

हे शिडीवर चढले. ब्लेडनं वरच्या दोऱ्या कापल्या. वरचा फ्लेक्स तीन रांगांसकट खाली आला, त्याच्या मागोमाग पहिला, गॉगलवाल्या पोरांचा. मागचं कोरं अस्तर तेवढं उरलं, त्याची खालची दोरी सोडायची राहिली होती. ती त्यांनी खाली उतरून, वाकून सोडली आणि कापड बाजूला ओढलं.

मागं भिंत होती. वर्षभर ऊन न लागलेली, कोरी पांढरी. आणि त्या भिंतीवर, फ्रेमच्या आत, हातभर उंचीची निळी अक्षरं, पिवळ्या सावलीची, कालच काढल्यासारखी.

'हे घर विकणे नाही.'

खाली कोपऱ्यात, बारीक: 'भूपाल पेंटर'.

पोरं हसायची थांबली. इंगवले साहेब आपला शालवाला फोटो हातात धरून उभे होते, त्यांनी तो हळूच पाठीमागं घेतला. मला कॉट आठवली. टर्पेंटाइनचा वास आठवला. मग खोत आठवले, वाकून बघणारे, पाणी मागणारे. त्यांच्या बापाच्या पहिल्या दुकानाची पाटी कुणी रंगवली होती ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. इचलकरंजीतल्या त्यांच्या पेढीवर ती अजून आहे असं आक्काताईच म्हणाल्या होत्या.

हे भिंतीकडं बघत होते. मग कट्ट्याकडं वळले.

"कधी लिहिलासा हे?"

"तू रोल आणायला गेलतास तवा."

"आण्णा, वर्षभर आम्ही जीव मुठीत धरून राहिलो. एकदा दाखवायचं न्हाई व्हय मला?"

आण्णांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"दाखवत हुतो की," ते म्हणाले. "रोज दोरी सोडत हुतो. तू रोज बांधत हुतास."

ह्यांच्या हातात तेव्हाही दोरीच होती.